टाकलंय बघा

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही मला सुचवलंत, "आजी, तू नुसती बोल, फोन लिहून घेईल. महिन्याभरात पुस्तक!" नको. असली पुस्तकं लातूरला आमच्या घराशेजारीच निपजताना मी पाहिली आहेत.

"टाकलंय बघा, ताई!" शेजारी कुंपणापलीकडून ओरडत. मूळचे देवणीचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. काय टाकलंय? तर पुस्तक. पूर्वी लोक पुस्तक लिहीत, मग छापत. टाकत तो केर.

अंगणात येरझाऱ्या घालत ते फोनला पुस्तक सांगत आणि दिवेलागणीच्या आत इंटरनेटवर चढवत. यशावर, ध्यानावर, बालसंगोपनावर. पोटच्या मुलाची इयत्ता त्यांना कधी धड सांगता आली नव्हती. "चढवण्याआधी एकदा वाचा तरी," असं म्हटलं, तर म्हणाले, "वाचायचं काम लोकांचं, ताई." लोकही वाचत नसत. जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळे होत.

पहिल्याच पुस्तकात फजिती झाली. हे बोलले 'न्हाई', फोनने लिहिलं 'न्हावी'. 'कष्टाशिवाय यश न्हावी.' पानोपानी न्हावी! दुसऱ्या कुणी फोन बदलला असता. यांनी जीभ बदलली. फोन हातात घेतला की 'कदापि नाही' आणि 'कटाक्षाने टाळावे' सुरू. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मेथी निवडता निवडता म्हणत, "माज्याशी येवढं गोड कवा बोलले न्हाईत. त्या डबड्याशी बघा कसं बोलायलेत!"

मागच्या उन्हाळ्यात ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनी त्यांचा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "ताई, वाचून दावा. ह्यांचं बोलणं ऐकू वाटतंय."

मी यश वाचलं. ध्यान वाचलं. वहिनी पदर चुरगाळत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "हे कोण परकं माणूस हाय? आमचे न्हाईत हे."

मला त्या पुस्तकांचा संताप आला. एवढा ढीग, आणि घरच्या बाईला ओळखू यावा असा एक शब्द त्यात नसावा!

शेवटचं मधुमेहावरचं होतं. मी ते वाचू लागले: 'मधुमेहींनी साखर कटाक्षाने टाळावी अगं चहात साखर न्हावी घाल की चमचाभर कशाला जीव खातीस.'

फोन थांबवायला विसरले होते. टाकण्याआधी वाचायची सवय तर नव्हतीच.

वहिनींनी माझं मनगट धरलं. "हां! हे आमचे! परत वाचा."

मी परत वाचलं. या खेपेला 'न्हाई' असंच म्हटलं.

"आन् म्या घातली न्हाई साखर," वहिनी हळूच म्हणाल्या.

त्या सगळ्या पुस्तकांतून तेवढं एक वाक्य उरलं आहे. वहिनींना ते पाठ आहे.