काचेवर जळलेल्या ओळी

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात संगणक आला आणि तो चालवायला मला घेतलं. वडील मँगनीजच्या खाणीत माती वाहायचे. घराण्यातला पहिला बी.ए. मी. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानाने एकदा दुसऱ्याची भाकर जवळजवळ हिसकावली होती, ते सांगायचं आहे.

संगणकाबरोबर इंग्रजीतलं जाड मॅन्युअल आलं होतं. डिक्शनरी घेऊन मी चार पानं वाचली आणि साहेबांना सांगून टाकलं, पूर्ण वाचलं.

मॉनिटर मी सकाळी लावायचो तो संध्याकाळपर्यंत चालूच. आमच्या घरचा बल्ब नेहमी बटण दाबतानाच फ्यूज व्हायचा, म्हणून माझा नियम होता: यंत्र वारंवार बंद-चालू करायचं नाही. काळ्या काचेवर कामांच्या यादीच्या त्याच पाच हिरव्या ओळी, प्रकाश पूर्ण वाढवलेला.

खोली झाडायला रोजंदारीवरचे एक काका होते. पूर्वी ते टाकीत, म्हणजे सिनेमा थिएटरात, सिनेमाचं मशीन चालवायचे. एकदा म्हणाले, "बाबू, तुमी जेवाले जाता तं हे काच काहून जळत ठेवता? लाइट गेली तरी बॅटरीवर चालूच! टाकीत रीळ एका जागी अटकली का फोटो जळून जाये."

"काका, हे टाकी नोहे. मी मॅन्युअल वाचलं आहे."

"हौ बाबा, तुमी शिकलेले," म्हणत ते हसले आणि झाडू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस मॉनिटर बंद होता, तरी त्या पाच ओळी काचेवर दिसत होत्या. पुसल्या, गेल्या नाहीत. साहेबांनी पाहिलं आणि थेट काकांवर घसरले. ओल्या फडक्याने पुसलं असेल! उद्यापासून येऊ नको.

मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

दुपारी मॅन्युअल उघडलं. अर्ध्या पानाला दोन तास लागले. एकच चित्र फार वेळ ठेवू नये, प्रकाश कमी ठेवावा, काम नसेल तेव्हा मॉनिटरचं बटण बंद करावं; त्याने वीज वाचते, काच टिकते, आणि आत संगणकाचं काम सुरूच राहते. काकांनी सांगितलं होतं तेच.

काका आपला डबा थैलीत भरत होते. मी म्हटलं, चूक माझी आहे, साहेबांना सांगतो.

"कायले? तुमची नवी नोकरी हाय. मी बैहरले भावाकडं जातो. जंगलात काही ना काही काम भेटते."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित गप्प बसलो असतो.

साहेबांच्या खोलीत गेलो. "सर, मशीन मैंने ख़राब की है।"

"मैनुअल में लिखा नहीं था?"

"लिखा था। मैंने पढ़ा नहीं।"

"आप तो ग्रेजुएट हैं!"

"हूँ, सर। अंग्रेज़ी धीरे-धीरे आती है।"

हे वाक्य मी तोवर कुणासमोरच उच्चारलं नव्हतं. साहेबांनी कागद पुढे सरकवला: लिहून द्या. मी लिहून दिलं, काकांचा यात दोष नाही हेही लिहिलं, आणि खाली सही केली.

काका राहिले. मी नोकरीत पक्का होण्याची ऑर्डर मात्र सोबतच्यांहून वर्षभर उशिरा निघाली. घरी वडिलांनी कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"त्या मानसाचं काम राह्यलं ना?"

"हौ."

"मंग जेव."

आईने ताट वाढलं. वडील माझ्याजवळ बसून राहिले, मी जेवेपर्यंत.