कादंबरीवरची चर्चा आणि वरची रिकामी खोली

२०२१च्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. म्हणून डब्लिनमधली आम्ही सात मराठी घरं रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर पुस्तकांची चर्चा करायचो. त्या महिन्यात गुलामगिरीवरची एक जुनी अमेरिकी कादंबरी होती. गावातले सगळे सज्जन. रविवारी चर्चमध्ये भक्तीने गातात आणि सोमवारी माणसं विकतात. लेखक कुठेही आवाज चढवत नाही, शांतपणे त्यांची टोपी उडवतो.

आवाज आम्ही चढवला. चेरीवूड भागात राहणारे एक गृहस्थ, औषधांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरचे, वीस मिनिटं बोलले. "जन्मावरून माणसाची किंमत! काय लोक होते!" त्यांच्या बायकोने डोळे पुसले. मीही दोन कडक वाक्यं टाकली आणि स्वतःवर खूश झाले.

आमच्यात एमएस्सी करणारी एक मुलगी होती. तिचा घरमालक घर विकत होता, आठवड्याभरात तिला खोली सोडायची होती. आयरिश घरमालक काही साधुसंत नव्हते. फोनवर तिचे उच्चार ऐकून तीन खोल्या अचानक दुसऱ्याला गेल्या होत्या. चेरीवूडच्या बाईंकडे वरची खोली रिकामी होती आणि ती हिला द्यायचं जवळपास ठरलं होतं. चर्चा संपल्यावर, सगळे अजून कॉलवर असतानाच, बाई म्हणाल्या, "अगं, तुझं पूर्ण नाव सांग ना. इथे नुसतं पहिलंच दिसतंय."

तिने सांगितलं.

"हं. मूळचे कुठले तुम्ही?"

तेही सांगितलं.

"तुमच्यात सगळंच चालत असेल ना? नाही, आमच्याकडे देवघर आहे, म्हणून विचारलं."

"मी बाहेर जेवीन, काकू."

"छे गं! आम्ही असलं काही मानत नाही. पण सासूबाई यायच्या आहेत, खोली लागेल."

विमानं जवळपास बंद होती. सासूबाई काय पोहत येणार होत्या? गृहस्थ शेजारी बसून चष्मा पुसत होते. मग कुणीतरी पुढच्या रविवारी कोणतं प्रकरण घ्यायचं ते काढलं.

माझ्याकडेही एक छोटी खोली होती, खोक्यांनी भरलेली. नवऱ्याशी बोलते, खोकी हलवते, असं करत तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला.

"मिळाली, काकू. एका आयरिश आजींकडे. सिगरेट ओढतेस का आणि कुत्र्याला घाबरतेस का, एवढंच विचारलं."

"मग?"

"दोन्हीला नाही म्हटलं. कुत्रा वासराएवढा आहे."

मी हसले. ती हसली नाही.

"काकू, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"अगं, माझा माईक बंद होता."

"नव्हता. तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकल्या मी."