वर्गात घेतलेलं नाव

नातीची नवी पुस्तकं आली. कोऱ्या कागदाचा वास नाकात गेला अन् मी थेट केजच्या त्या शाळेच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

माझी बायको कमल तवा घरी बसून बी.कॉम. करत होती. पुस्तकं टपालानं यायची, वर्ग फक्त रविवारी, केजच्या एका शाळेत. रविवारी वर्ग भरतो हे मला खरं वाटत नव्हतं. एका रविवारी तिच्यामागं मीही जीपमध्ये चढलो.

"तुमी कावून येताव?"

"रविवारी कोणतं कालेज भरतं, ते बघायला."

"बघा. पण आत बसू नका, सर हिशोब विचारतील."

वर्ग खरंच भरला. मी बाहेर खिडकीपाशी उभा राहिलो. सरांनी एकेकाला पूर्ण नाव विचारलं. कमलनं माझं नाव कधीच घेतलं नव्हतं. मी आपला 'आवं', न्हाईतर 'सुमीचे बाप'. इथं ती उभी राहून सरळ बोलली, "कमल दगडू शिंदे." लाजली न्हाई, अडखळली न्हाई. माझा संशय उलटा वाढला. घरी एक अन् इथं दुसरीच बाई हाय, असं वाटलं. परतीच्या जीपमध्ये मी तिला सोडून पुढं डायवरशेजारी जाऊन बसलो.

कमलला जाऊन वर्ष होत आलं. आता सगळे मला आबाच म्हणतात. तिच्या तोंडून माझं नाव मी तेवढं एकदाच ऐकलं, तेही खिडकीबाहेरून.