मास्तरांची पाठ

आमच्या मामांनी शिकाऊ माणसांना आयुष्यभर फक्त पाठ दाखवली. शिंपीकामात चाळीस वर्षं गेली, गल्लीभर त्यांना मास्तर म्हणतात. बाही, खिसा, पट्टी सगळं ते चारचौघांत कापायचे. शर्टाची कॉलर आली की मात्र भिंतीकडे तोंड करायचे. ती कॉलर मामांना दिसायची आणि भिंतीला. भिंत कुठे बोलणार नाही, याची त्यांना खात्री होती.

कॉलर होतीच तशी. वीस वेळा धुतली तरी तिची टोकं वर यायची नाहीत. शिवाय उजव्या हाताने जेवणारा, लिहिणारा हा माणूस कॉलरपुरती कातर डाव्या हातात घ्यायचा. त्यासाठी खास डावखुरी कातर होती. गिऱ्हाइकं म्हणायची, खरं कसब त्या डाव्या हातात आहे. मामा नाही म्हणायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शिकायला आलेल्यांना ते सांगायचे, "बघून शिका." बघायला मिळायची ती पाठ. त्यांच्या स्वतःच्या मुलाने दोन वर्षं ती पाहिली आणि मग एका ऑफिसात नोकरी धरली.

मग सून आली. तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. दुपारी साखरेच्या डब्याला फोन टेकवून ती कुठल्याशा परक्या देशातल्या बाईंकडून शिवण शिकायला लागली. बाईंची भाषा हिला कळत नव्हती, पण बाई हात उघडे ठेवून कापायच्या आणि हिने शंभरदा व्हिडिओ मागे नेला तरी वैतागायच्या नाहीत. मामांना हे गुरूचं लक्षणच वाटेना. "बोलणी खाल्ल्याशिवाय विद्या अंगी लागत नाही," ते म्हणायचे.

तिच्या पहिल्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. मामा आठवडाभर खुशीत होते. तो शर्ट दुकानात खुंटीला लावून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हा फोनने शिवलाय." मला त्यांचा रागच आला. सुनेने रात्री शर्ट काढून नेला आणि बाह्या उसवल्या.

सातव्या शर्टाची कॉलर मामांनी उलटसुलट करून पाहिली, टोकं चिमटीत दाबली आणि म्हणाले, "बटणं बरी लागलीत." कॉलर जमली हे मला तेव्हाच कळलं. मी सुनेला हळूच विचारलं, कसं काय? ती म्हणाली, "अहो ताई, खालचा थर सूतभर कमी कापायचा. बाईंनी पहिल्याच व्हिडिओत दाखवलंय."

त्यानंतर महिन्याभरात मामांचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार, वर्षभरात कातर सोडा. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. हात गेला की कॉलर गेली, आपल्यामागे कुणालाच ती येत नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"मग सुनेला शिकवा की," मामी म्हणाली.

"तिला फोन आहे."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तो असा.

तोडगा सुनेनेच काढला. "बाबा, मला नका शिकवू. फोनला शिकवा. हात चालतोय तोवर एक व्हिडिओ करून ठेवू." मामांना हे पटलं. त्या परक्या बाईंनाही एकदा कळू दे, असा त्यात थोडा भाग होता.

रविवारी मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी उभे राहिले. मी दिवा धरला. कापड, पाणी, दोरा आणि आजकालच्या पोरांचे पोशाख यावर ते पाऊण तास बोलले. मग कॉलरच्या कापडावर खडू मारला, डावखुरी कातर उचलली आणि शांतपणे भिंतीकडे वळले. फोनमध्ये चार मिनिटं पाठ आणि कातरीचा आवाज. मग ते पुढे वळून म्हणाले, "झालं. सोपं आहे."

तीनदा केलं आणि तीनदा तेच झालं. "पाय आपोआप वळतात गं," मामा म्हणाले. ते अगदी रडकुंडीला आले होते.

दिवा धरून माझा हात भरून आला होता. मी चिडून विचारलं, "मामा, तुम्हाला तरी कुणी शिकवलं? का जन्मतःच येत होतं?"

मामा स्टुलावर बसले. त्यांचे उस्तादही पाठ करूनच कापायचे. पण त्यांच्या भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी आरसा होता, आणि मामा काजं करता करता त्या आरशातून चोरून बघायचे. आरशात कातर उस्तादांच्या डाव्या हातात दिसायची.

"म्हणून मी डाव्या हाताने बसवलं. उस्ताद एरवी उजवे, पण मला वाटलं, हेच ते गुपित. चूक कळली तोवर हात बसला होता."

ज्या कसबाचे गोडवे गावभर गायले गेले, ते हे होतं. मला हसू आवरेना. मामीने डोळे वटारले.

सून हसली नाही. तिने ट्रायल रूममधला आरसा उतरवून भिंतीला टेकवला आणि फोन मामांच्या मागे लावला. "बाबा, आता खुशाल वळा."

मामा वळले. थरथरतं मनगट टेबलाला टेकवून त्यांनी कॉलर कापली. नंतर फोन हातात घेऊन त्यांनी स्वतःला पाहिलं. आरशातला म्हातारा उजव्या हाताने कापत होता.

"हे तर उस्ताद," ते म्हणाले. "मागे घे." सुनेने मागे घेतलं. किती वेळा घेतलं ते मी मोजलं नाही, पण ती एकदाही वैतागली नाही.

मग मामा उठले. दुकानाचं दार लावून घेतलं. मला म्हणाले, "तू जरा मामीला घेऊन आत जा." मी पडद्याआडून ऐकत होते, याची मला लाज वाटत नाही. त्यांनी आपली उजव्या हाताची कातर सुनेपुढे ठेवली.

"ही घे. माझी चूक शिकू नकोस. आणि एक गोष्ट त्या फोनमध्ये दिसणार नाही, ती ऐक." मामांचा आवाज अगदी खाली आला. "खालचा थर सूतभर कमी कापायचा. कुणाला सांगू नकोस."

सुनेने कातर उचलून घेतली.

"हो का, बाबा?" ती म्हणाली. "तरीच माझी कॉलर नीट बसत नव्हती."