उन्हाळी नव्हतीच ती

नागपुरात मे महिन्यात लघवीला जळजळ झाली की त्याला कोणी आजार म्हणत नाही. उन्हाळी लागली म्हणतात आणि धने-जिरे भिजत घालतात. मीही घातले. बायकोने पायाच्या अंगठ्यांना चुना लावून दिला. सक्करदऱ्याच्या माझ्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक काठ-पदर बघायचे आणि मी चुन्याचे अंगठे गादीखाली लपवायचो.

पाऊस लागला, कूलर माळ्यावर गेला, तरी माझी उन्हाळी हटेना. उलट चड्डीला पिवळे डाग पडू लागले. ते मी कोणालाच सांगितले नाही. त्या जागेच्या दुखण्याबद्दल आमच्याकडे नवरा-बायकोसुद्धा कुजबुजत बोलतात. पुढे धार बारीक होत गेली आणि एका सकाळी पोट टम्म फुगले तरी थेंब पडेना.

"काहून लपवून राहिले होते जी?" म्हणत बायकोने मला ऑटोत कोंबले.

डॉक्टर चिडलेच. "ही कसली उन्हाळी? मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होऊन सूज आली होती. वेळेवर आला असता तर गोळ्यांवर भागलं असतं. आता आतली जखम भरताना वाटच आवळली आहे."

जंतूंवरची औषधे दिली, दुर्बिणीतून ती वाट मोकळी केली आणि नळी घातली. नळी काढल्यावर लघवी आपली आपण झाली तर घरी, नाही तर पुन्हा नळी. त्या 'नाही तर'ने माझी झोप उडाली. जन्मभर कमरेला पिशवी अडकवून दुकानात बसायचे की काय?

नळी काढली. भरपूर पाणी पिऊन मी वॉर्डाच्या संडासात उभा राहिलो. काही नाही. देवाला नवस बोलायचा तर असल्या कामासाठी कसा बोलायचा, तेही सुचेना. मग जोराची कळ आली आणि धार लागली. चांगली जाड, खणखणीत धार! मला रडूच आले.

"झाली का जी?" बाहेरून बायकोचा आवाज.

"झाली!" मी आतून बोंबललो. "धो धो होऊन राहिली!"

वॉर्डात टाळ्या पडल्या. पायजम्याची नाडी बांधत मी बाहेर आलो, तर माझी बायको खाटाखाटांवरच्या माणसांना ठणकावून सांगत होती, "आमच्या यायले लघवीच्या जागेले सूज होती. तुमाले जळजळ झाली, तर धने भिजवत बसू नका. लाज सोडा अन् दाखवा!"