जीपची पुढची सीट

आमच्या ह्यांनी उभी हयात अंबड-शहागड रस्त्यावर जीप चालवली. सीटा भरायच्या, सोडायच्या, परत भरायच्या. लग्नानंतर मी त्या जीपमधून कितीदा गेले-आले, पण पुढच्या सीटवर बसायला एकदाही मिळालं नाही. पुढं कधी मास्तर, कधी दवाखान्यात निघालेली पोटुशी बाई, कधी कुणाचा म्हातारा. मी तोंड फुगवलं की म्हणायचे, "तू तं घरचीच हाईस, बस मागं. पुढच्या खेपेला बसवतो." ती खेप काही आली नाही. मागच्या हिवाळ्यात हे झोपेतच गेले अन् जीप कडुलिंबाखाली उभी राहिली.

पोरानं जीप भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. जालन्याच्या भट्टीत वितळून तिच्या सळया होणार. मी म्हणलं, होऊ दे बाबा, पण आधी एकदा मला तिच्यात पुढं बसवून शहागडच्या पुलापर्यंत ने. गोदावरी बघू अन् परत येऊ. एवढं एकच मागणं होतं माझं. पोरगा लगेच तयार झाला, पण जीप कुठं तयार होती?

दुसरी बॅटरी लावली. स्टार्टर घरघरायचा, इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. मंग ह्यांच्या दोस्तीतल्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी टाकीत काडी घालून पाहिली, डिझेल होतं. फिल्टरचा नट सैल करून हातपंप मारला, तर तिथं थेंब नाही. पाइपाला तोंड लावून फुंकलं. चाचांचे गाल फुगले, डोळे लाल झाले, पण हवा काही पुढं जाईना.

पाइप जाम झालाय, ते म्हणाले. टाकी उतरवावी लागेल, नवा पाइप टाकावा लागेल, आजच्या आज बिलकुल होणार नाही. पोरगा म्हणाला, उद्या भट्टीत जाणाऱ्या गाडीवर कशाला खर्चा करायचा? चल आई, माझ्या कारमधून नेतो, एसी लावून. माझं डोकंच सणकलं. म्हणलं, घाल ती कार चुलीत. अन् तरातरा जाऊन जीपमध्ये ह्यांच्या जागेवर बसले.

बसल्यावर मला ह्यांची रीत आठवली. सकाळी गाडी काढायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचे, मंग वाकून सीटखाली हात घालायचे. संध्याकाळी गाडी लावली की परत वाकायचे. मला वाटायचं, गाडीच्या पाया पडतात. मी चिडवायचेसुद्धा, की माझ्या आईच्या पाया पडताना कधी एवढं वाकला नाहीत. हे नुसते हसायचे. मी तसाच हात खाली घातला. पत्र्याच्या आत बोटांना एक पितळी चावी लागली, नळाला असते तशी.

चाचांनी टॉर्च मारून पाहिलं अन् कपाळावर हात मारून घेतला. "भाभी, चोर-कॉक है ये." मधल्या काही वर्षांत जीपा चोरीला जायच्या, तेव्हा काही ड्रायव्हरांनी डिझेलच्या पाइपात लपवून असा कॉक बसवून घेतला होता. तो बंद असला की चोर गाडी नेऊन नेऊन वेशीपर्यंत नेणार अन् तिथंच अडकणार. जागा मात्र कुणाला सांगायची नाही, बायकोलासुद्धा नाही. असा बेरकी माणूस माझ्या नशिबी आल्ता.

चाचा हात घालायला वाकले तसं मी म्हणलं, थांबा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी तो कॉक बंद केला होता. त्यानंतर त्याला कुणाचा हात लागला नव्हता. ह्यांचे कपडे वाटून टाकले, चपला दिल्या, तेव्हा एवढं जिवावर आलं नव्हतं. चाचा दुसरीकडं बघत उभे राहिले. शेवटी मीच फिरवला. घट्ट होता, जोर लावल्यावर सुटला.

चाचांनी पाइपातली हवा काढली अन् जीप एका दमात सुरू झाली. काळा धूर, अन् तोच आवाज. इतकी वर्षं तो आवाज कानावर पडला की मी तवा चुलीवर ठेवायचे. पोरगा चालवायला बसला. मी पुढं बसले.

अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मागच्या सीटवरून हा रस्ता मला कायम मागं जातानाच दिसलेला, आज तो समोरून येत होता. किती वर्षं ह्याच्यासाठी रुसले होते मी. पण शेजारी पाहिलं की स्टिअरिंगवर पोराचे हात दिसायचे. मंग मी तिकडं बघायचंच सोडलं.

पुढं एका फाट्यावर टोपलीवाल्या म्हातारीनं हात केला. पोरगा काही थांबेना. मी म्हणलं, थांबव. ह्यांनी हात केलेल्या माणसाला कधी रस्त्यात सोडलं नाही. म्हातारी लगबगीनं आली, पोराकडं पाहिलं, मंग माझ्याकडं.

"लई दिसांनी दिसली जीप. आज मालक न्हाई आले?"

"न्हाई आले," मी म्हणलं. उतरले, तिला पुढं बसवलं अन् टोपली घेऊन मागं जाऊन बसले.