मॅडमनी मला अजून पास केलेले नाही

डॉ. कांचन बनसोडे मॅडम यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव सांगण्याआधी मला नापास केले. उमरग्याच्या आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र विभागात त्या रुजू झाल्या, त्या दिवसाची ही गोष्ट. मी तेव्हा मराठी विभागाचा प्रमुख, शिवाय परीक्षा विभागही माझ्याकडे, त्यामुळे स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची माझी. या नव्या बाई समोर येऊन अदबीने म्हणाल्या, "सर, जरा मोबाईल देता का? घरी कळवायचं होतं, पोचले म्हणून." मी लॉक उघडून मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि "निवांत बोला" म्हणून पाठही फिरवली. त्यांनी फोन केलाच नाही. मोबाईल टेबलावर परत ठेवत म्हणाल्या, "सर, तुम्ही नापास. मी कोण, कुठली, एवढं तरी विचारायचं!" मग नाव सांगितले. त्या दिवसापासून मॅडमच्या साठीपर्यंत मी त्यांच्या वहीत नापासच आहे. तरीही या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, कारण त्यांच्या परीक्षेला सर्वांत जास्त वेळा बसलेला माणूस मीच आहे.

सायबर सुरक्षेची ही परीक्षा मॅडमनी मुळात विद्यार्थ्यांसाठी सुरू केली होती. पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आले, की पोरे बरी आहेत, कच्चे आहेत ते प्राध्यापक. मग प्राचार्यांच्या सहीने सूचना निघाली आणि आम्ही सगळे मुकाट बाकांवर बसलो. प्रश्न होता, फायरवॉल म्हणजे काय? मी नळदुर्गच्या किल्ल्यापासून सुरुवात केली. तट, बुरूज, खंदक, चालून आलेले सैन्य, असे दीड पान लिहिले. तो उतारा एखाद्या क्रमिक पुस्तकात लागायला हवा होता, असे मला आजही वाटते. मॅडमनी त्याखाली लाल पेनने लिहिले, "तट उत्तम. दरवाजा उघडा आहे."

मी तणतणत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला माझ्याच टेबलापाशी आणले आणि काचेखाली, गणपतीच्या फोटोशेजारी, मीच ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलेला माझा पासवर्ड दाखवला. मुलीचे नाव आणि तिचे जन्मवर्ष. "सर, व्याख्या पाठ असणं वेगळं अन् अंगात असणं वेगळं," एवढेच त्या म्हणाल्या. मी ती चिठ्ठी काढली आणि पाकिटात ठेवली. ते पाकीट पुढच्या आठवड्यात एसटीत हरवले, हे मॅडमना आज पहिल्यांदाच कळत आहे.

परीक्षा आहे हे समजले, की माणूस शहाण्यासारखा वागू लागतो, असे मॅडमचे मत. म्हणून त्यांची खरी परीक्षा न सांगता येते. एका मंगळवारी परीक्षा विभागाच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. कपाळावर मळवट, हातात पेढ्यांचा डबा. "तुळजापूरहून आलोय, आईचा प्रसाद हाय," म्हणाले. हे ऐकून खुर्चीत बसून राहील असा माणूस उमरग्यात अजून जन्मायचा आहे. आम्ही सगळे उठलो, चपला काढल्या, दारापाशी जाऊन दोन्ही हात पुढे केले. पेढा तोंडात टाकून दोन क्षण डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा प्रसादवाले माझ्या खुर्चीत बसलेले होते आणि माझ्या संगणकावर, मी उघडीच टाकून आलेली, निकालाची यादी वाचत होते.

मागून मॅडम आल्या. आधी त्यांनी डब्यातला एक पेढा घेतला, मग आमच्याकडे पाहिले. ते गृहस्थ त्यांचे माजी विद्यार्थी, तुळजापुरात पूजेच्या साहित्याचे दुकान चालवतात. त्या दिवशी आमच्यापैकी पास झाले ते एकटे आमचे शिपाई इस्माईलभाई. "म्या बी घेतला की पेढा," ते मला समजावून सांगत होते. "पर आधी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, मग हात पुढं केला. त्यात काय लई अवघड हाय, सर?" मला अवघड वाटले होते, हे मी त्यांना सांगितले नाही.

मी चिडलो. आमच्यावर तुमचा विश्वासच नाही का, असे मी मॅडमना सरळ विचारले. त्यांनी मला खुर्चीवर बसवले, चहा मागवला आणि आपल्या आईबद्दल सांगितले. मॅडम तेरखेड्याच्या. त्यांच्या आई तिथल्या एका फटाक्यांच्या कारखान्यात कामाला होत्या, आणि आत जाणाऱ्यांचे खिसे तपासायचे काम त्यांच्याकडे होते. काडेपेटी आत जाता कामा नये. रोजचा कामगार असो की मालक, खिसे दाखवायचे आणि मगच आत जायचे. एकदा मालकांचे नवे जावई कारखाना बघायला आले. आईंनी त्यांनाही दारात अडवले. "जावईबापू, आधी खिसे दाखवा." जावई रुसले, मालक धावत आले, सगळीकडे कुजबुज सुरू झाली. आई हलल्या नाहीत. शेवटी जावयांच्या खिशातून लायटर निघाला. "सर, आई कुणावर अविश्वास दाखवत नव्हती," मॅडम म्हणाल्या. "आत बसलेल्या बाया संध्याकाळी घरी जाव्यात, एवढंच बघत होती." माझा चहा तसाच निवून गेला.

पेढ्याचा प्रकार प्राचार्यांच्या कानावर गेलाच. परीक्षा विभाग माझ्याकडून काढून घ्यायचे ठरले. मी घरी कुणाला सांगितले नाही, पण जेवण जाईना. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या विभागातून एक कागद कधी बाहेर गेला नव्हता, आणि मी बदनाम होऊन बाजूला होणार होतो. माझ्यासाठी रदबदली करायला गेल्या त्या मॅडमच. "सरांना आणखी एक संधी द्या," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. "उन्हाळी परीक्षेत मी कधीतरी तपासीन. नापास झाले तर मीच काढा म्हणीन." मग रोज कॉलेज सुटल्यावर त्या मला अर्धा तास शिकवू लागल्या. मी तेच ते विचारायचो, त्या तेच ते सांगायच्या, आणि कपाळाला आठी नाही.

उन्हाळी परीक्षेचा पहिला दिवस उजाडला. हल्ली प्रश्नपत्रिका पेपरच्या थोडी आधी संगणकावर येते आणि ती उघडायचा क्रमांक परीक्षा प्रमुखाच्या मोबाईलवर येतो. क्रमांक आला, आणि पाठोपाठ फोन. "विद्यापीठातून बोलतोय." माझे नाव, प्राचार्यांचे नाव, सगळे घडाघडा. "तांत्रिक अडचण आहे, आलेला क्रमांक ताबडतोब सांगा, नाहीतर तुमचं केंद्र रद्द होईल." आवाज असा जरबेचा, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आणि मग मला हसू आले. म्हटले, आली मॅडमची परीक्षा!

"काय दुकानदार, प्रसाद छान होता हं," मी म्हणालो. मग तो गृहस्थ भडकला, नोकरी घालवीन म्हणाला. मला आणखी चेव आला. "जावईबापू, आधी खिसे दाखवा!" असे खणखणीत सांगून मी फोन ठेवला आणि जवळजवळ नाचतच मॅडमच्या प्रयोगशाळेत गेलो. "ओळखलं! आता तरी पास करा."

मॅडमचा चेहरा उतरला. "सर, मी आज कुणाला फोन करायला लावलाच न्हाय."

त्यांनी छापील पुस्तिकेतला विद्यापीठाचा नंबर शोधून लगेच फोन लावला. तिथून कुणीही आम्हाला फोन केलेला नव्हता. क्रमांक बदलून मिळाला, पेपर वेळेवर सुरू झाला. खेड्यापाड्यांतून एसटीने आलेल्या पोरी तोवर बाहेर पायऱ्यांवर उजळणी करत बसल्या होत्या. पेपर फुटला असता तर त्यांची मेहनत मातीत गेली असती, आणि ती मी घालवली असती. परीक्षा विभाग माझ्याकडेच राहिला.

पेपर सुटल्यावर मी हळूच विचारले, "मॅडम, मग मी पास ना?" त्या म्हणाल्या, "सर, तो फोन लबाडाचा आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं. तुम्हाला तो माझा वाटला. उत्तर बरोबर, रीत चूक. अर्धे गुण."

"अर्ध्यात पास करतात, मॅडम."

"माझ्याकडं न्हाय करत."

आता मॅडम निवृत्त होत आहेत. या ग्रंथाच्या संपादकांनी लेख पाठवण्यासाठी एक लिंक धाडली होती, ती मी उघडली नाही. हा लेख हाताने लिहून संपादकांच्या घरी नेऊन दिला, तोही त्यांचे ओळखपत्र पाहून. ते तीस वर्षांपासूनचे माझे मित्र आहेत आणि सध्या रागावलेले आहेत.

मॅडम, तुमचे मोठेपण मला लेखात मांडता आले की नाही, ठाऊक नाही. तुम्ही नसता तर मी मान वर करून निवृत्त झालो नसतो, एवढे मात्र ठाऊक आहे. रीत मला अजूनही जमलेली नाही. अनोळखी फोन आला, की तो तुमचाच असणार असे धरून मी बोलतो, आणि तेवढ्यावर आजवर निभावले आहे. त्यासाठी तुम्ही हव्यात, ठणठणीत हव्यात, आणि मला नापास करायची तुमची हौस टिकायला हवी. ज्या दिवशी हा फोन मॅडमचा असणे शक्य नाही असे मला खात्रीने वाटेल, त्या दिवशी मी कुणालाही काहीही सांगून बसेन. तेव्हा माझ्या सुरक्षेखातर तरी शंभरी गाठा. राहिलेले अर्धे गुण तोवर तुमच्याकडेच असू द्या.